उमेदवारी की वेठ?

उमेदवारी हा शब्द आज उच्चारला की निवडणुकीखेरीज दुसरे काही कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस या शब्दाचा दुसराच एक अर्थ चांगला परिचित होता. मामलेदार कचेरीत किंवा एखाद्या वकिलाच्या ओटीवर तरुण मनुष्य महिनेच्या महिने बिनपगारी खर्डेघाशी करीत बसे. कधीकाळी जागा रिकामी होईल आणि साहेबाची मर्जी बसली तर ती आपणांस मिळेल, एवढ्या उमेदीवर तो दिवस कंठी. आणि म्हणूनच लोक त्यास 'उमेदवार' म्हणत. त्याच्या श्रमाचे फळ कचेरीस मिळे व त्याच्या दोन वेळच्या जेवणाचा भार बापावर, चुलत्यावर किंवा मामावर पडे.

हीच चाल गेल्या पंधरा वर्षांत पाश्चात्त्य देशांत 'इंटर्नशिप' या नावाने एका नव्या वर्गास लागू झाली, आणि ती लागू होताना तिच्यात एक महत्त्वाचा फरक पडला. बेकार म्हणून सरकारी तिजोरीतून निर्वाहभत्ता घेणाऱ्या मनुष्यास एखाद्या खासगी दुकानात, कचेरीत वा कारखान्यात काही आठवडे किंवा काही महिने काम करण्यास धाडावयाचे. त्याचा भत्ता पूर्ववत् सरकारने द्यावयाचा. आणि धन्याने त्यास, पगाराऐवजी, अनुभव द्यावयाचा. म्हणजे पूर्वी जो भार उमेदवाराचा बाप सोशी, तो आता सर्व करदात्यांनी मिळून सोसावयाचा. योजनेचे पुरस्कर्ते म्हणतात की, ही बेकारांस पुन्हा कामाच्या वाटेवर आणून सोडणारी शिडी आहे. विरोधक म्हणतात की, ही नव्या नावाने आलेली जुनी वेठ आहे. या वादातील दोन्ही पक्षांस बहुधा याचा विसर पडलेला असतो की, हा प्रयोग पहिल्यानेच होत नाही. इंग्लंडच्या इतिहासात तो निदान दोनदा होऊन गेला आहे, व त्याची फळे नमूद आहेत. ती वाचकांपुढे मांडून मग आजच्या प्रश्नाकडे वळावे, असा या लेखाचा हेतू आहे.

इ. स. १६०१ मध्ये, राणी एलिझाबेथच्या कारकीर्दीच्या अखेरीस, इंग्लंडात गरिबांसंबंधीचा सुप्रसिद्ध कायदा झाला. प्रत्येक 'पॅरिश'ने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत मोडणाऱ्या गावाने, आपल्या गरिबांचा भार आपण वाहावा. त्याकरिता घरजमिनीवर पट्टी बसवावी. अपंग व वृद्ध यांस साहाय्य द्यावे, धडधाकट मनुष्यास काम द्यावे, आणि गरिबांच्या मुलांस कोणा धन्याकडे शिकाऊ म्हणून बांधून द्यावे, अशी त्यात व्यवस्था होती. मुलाने चोवीस वर्षांचा होईपर्यंत आणि मुलीने एकवीस वर्षांची होईपर्यंत किंवा तिचे लग्न होईपर्यंत धन्याकडे राहावे, असा नियम होता. हेतू उघडच सद्हेतू होता. अनाथ पोरास धंदा यावा व पुढे त्याने कोणाच्या दारी हात पसरू नये, यापेक्षा अधिक शहाणपणाची गोष्ट कोणती?

परंतु कायद्याचा हेतू एक असतो आणि तो चालविणाऱ्यांचा हिशेब दुसरा असतो. शिकाऊ मूल परगावी राहिले की कायद्याने ते त्या गावचे रहिवासी ठरे, व त्याचा पुढील भार मूळ गावावरून उतरे. तेव्हा मूल काय शिकते यापेक्षा ते किती लवकर व किती दूर जाते, हीच चिंता पॅरिशच्या कारभाऱ्यांस अधिक वाटू लागली. अठराव्या शतकाच्या शेवटी कापसाच्या गिरण्या निघाल्या. त्या पाण्याच्या जोरावर चालत, म्हणून आडरानात नदीकाठी बांधलेल्या असत, आणि तेथे मजूर मिळणे दुरापास्त असे. कारभाऱ्यांची गरज आणि गिरणीवाल्याची गरज यांचा असा मेळ बसला. इ. स. १७९९ मध्ये लंडनमधील सेंट पँक्रस येथील वर्कहाऊसातून सुमारे ऐंशी मुले नॉटिंगहॅमजवळच्या लौडम येथील गिरणीत धाडण्यात आली. त्यांत रॉबर्ट ब्लिंको नावाचा सुमारे सात वर्षांचा एक अनाथ मुलगा होता. तेथे भाजलेले मांस व गोड पुडिंग खावयास मिळेल, धन्याच्या घोड्यांवर बसावयास मिळेल, अशी आशा या पोरांस लावण्यात आली होती. प्रत्यक्षात पहाटेपासून रात्रीपर्यंत यंत्रापाशी उभे राहणे त्यांच्या नशिबी आले. ब्लिंकोचे एक बोट यंत्रात अर्धे तुटले. आणि पुढे डर्बीशायरातील लिटनच्या गिरणीत त्याने जो मार खाल्ला, त्याची हकीकत १८३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली तेव्हा वाचणारांच्या अंगावर काटा उभा राहिला.

या हकीकतीतील क्रौर्य सर्वांच्या डोळ्यांत भरते. पण आम्हांस येथे दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचे आहे. ही मुले कागदोपत्री 'शिकाऊ' होती. त्यांचा करार एकवीस वर्षांचे होईपर्यंतचा, म्हणजे चौदा वर्षांचा होता. तुटलेले धागे जोडण्याचे काम शिकावयास चौदा वर्षे लागत नाहीत. चौदा दिवस पुरतात. उरलेला सर्व काळ शिक्षणाचा नसून नुसत्या कामाचा होता, आणि त्या कामास मजुरी द्यावी लागू नये एवढ्याकरिताच त्यास शिक्षण म्हणावयाचे होते. १८०२ मध्ये पार्लमेंटने या मुलांचे काम दिवसास बारा तासांवर आणले, आणि १८१६ मध्ये लंडनच्या मुलांस चाळीस मैलांपलीकडे धाडण्यास बंदी केली. कामाच्या तासांस व अंतरास याप्रमाणे मर्यादा पडली. मजुरी न देण्यास मात्र कोणी मर्यादा घातली नाही.

दुसरा प्रयोग मोठ्या माणसांवर झाला. गावात काम नसले म्हणजे पॅरिशचे कारभारी बेकार मजुरास पाळीपाळीने एकेका शेतकऱ्याच्या दारी धाडीत. शेतकऱ्याने त्यास काम सांगावे, मजुरीचा काही भाग द्यावा, आणि उरलेला भाग गरीबपट्टीतून भरून निघावा. असा मजूर गावभर फेरी घालतो म्हणून त्यास 'राउंड्समन', म्हणजे फेरीवरचा मजूर, असे नाव पडले. सर फ्रेडरिक ईडन याने १७९७ मध्ये गरिबांच्या स्थितीवर जो तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बकिंगहॅमशायरातील विन्स्लो या गावी हिवाळ्यात कधी कधी चाळीस माणसे अशी फेरीवर असत, असे नमूद आहे. त्याच सुमारास, ६ मे १७९५ रोजी, बर्कशायर परगण्यातील मॅजिस्ट्रेट स्पीनहॅमलँड येथील एका खानावळीत जमले व पावाच्या किमतीवरून मजुराच्या कुटुंबास निदान किती उत्पन्न पाहिजे याचे कोष्टक त्यांनी ठरविले. पावाची मोठी लादी एका शिलिंगास मिळत असेल तर मजुरास आठवड्यास तीन शिलिंग, आणि बायको व प्रत्येक मूल यांकरिता दीड दीड शिलिंग. मजुरी त्याहून कमी पडली तर तूट पट्टीतून भरून काढावयाची. धान्य महाग झाले होते, शेजारी फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन गेली होती, आणि भुकेल्या माणसास उपाशी मरू न देण्याची बुद्धी या मंडळींस झाली, याबद्दल त्यांस दोष देता येत नाही.

आता या व्यवस्थेतील गणित वाचकांनी क्षणभर मनाशी करून पाहावे. समजा, गावात मजुरीचा दर आठवड्यास नऊ शिलिंग आहे. पण फेरीवरचा मजूर शेतकऱ्यास चार शिलिंगांत मिळतो, कारण पाच शिलिंग पॅरिश भरते. मग नऊ शिलिंग देऊन स्वतंत्र मजूर कोणता शेतकरी ठेवील? तो आपल्या जुन्या गड्यास रजा देईल. गडी बेकार होऊन पॅरिशकडे जाईल. आणि दुसऱ्या सोमवारी पॅरिश त्यालाच पुन्हा त्याच शेतकऱ्याच्या दारी, पण आता चार शिलिंगांत, आणून उभे करील. हे आमचे कल्पित उदाहरण झाले. परंतु या जातीच्या साक्षी १८३४ च्या राजकीय चौकशी-मंडळाच्या अहवालात भरपूर आहेत. ज्याच्यापाशी स्वतःची झोपडी होती किंवा चार पैसे गाठीस होते, त्यास पट्टीतून साहाय्य मिळत नसे, म्हणून कामही मिळेनासे झाले. काटकसर करणाराच उपाशी राहू लागला. काही ठिकाणी तर बेकारांच्या श्रमाचा लिलाव होई. आणि ही पट्टी भरी कोण? ज्या वाण्यास किंवा पाद्रीबोवास शेतमजुराची कधी गरजच नव्हती, तोही ती भरी. म्हणजे मोठ्या शेतकऱ्याच्या नांगरामागे चालणाऱ्या माणसाची मजुरी गावच्या वाण्याच्या खिशातून जाई. दानाचा संकल्प गरिबाच्या नावे सुटला, पण दक्षिणा भलत्याच्याच पदरी पडली.

या अनुभवावरून शिकण्यासारखा धडा अगदी स्पष्ट होता: सरकारी पैसा मजुराच्या हाती देणे वेगळे आणि त्या पैशाच्या जोरावर मजूर धन्यास स्वस्तात देणे वेगळे. परंतु नासाउ सीनियर व एडविन चॅडविक यांनी ज्याचा मुख्य भाग लिहिला, त्या अहवालाने निराळाच धडा काढला. साहाय्य मिळते म्हणून मजूर आळशी व उधळा होतो, तेव्हा साहाय्य घेणाराची स्थिती हलक्यात हलक्या कामकऱ्याहूनही वाईट राहिली पाहिजे, हे तत्त्व त्याने घालून दिले. आणि धडधाकट मनुष्यास वर्कहाऊसाच्या भिंतीआडच काय ते अन्न मिळावे असा १८३४ चा कायदा झाला. कमी मजुरी देणारा धनी गुन्हेगार ठरला नाही. ती घेणारा ठरला. या अहवालाने पुरावा निःपक्षपातीपणे तोलला नाही, त्याचे निष्कर्ष जणू आधीच ठरलेले होते, असे मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये दाखवून दिले, व त्यानंतर अनेक इतिहासकारांनी ते मान्य केले आहे. तथापि बेकार मनुष्याच्या स्वभावातच काही खोट असली पाहिजे, ही १८३४ ची समजूत अहवालाबरोबर मेली नाही. १९११ च्या कायद्याने काही धंद्यांतील कामकऱ्यांस बेकारीचा विमा मिळाला, आणि आठवड्यास सात शिलिंग ही भिक्षा नसून वर्गणीदाराचा हक्क झाला. परंतु बेकारी वाढली की ती जुनी समजूत पुन्हा डोके वर काढी, आणि भत्त्याच्या मोबदल्यात काम घ्या, अशी हाकाटी सुरू होई. १९७८ मध्ये शाळा सोडलेल्या बेकार मुलांकरिता ब्रिटनमध्ये योजना निघाली, तीत आठवड्यास साडेएकोणीस पौंड भत्त्यावर त्यांस धन्यांकडे धाडीत. 'स्वस्त मजूर' हा तिच्यावरील आक्षेप तेव्हापासूनचा आहे.

यानंतरचा प्रयोग आयर्लंडातला. २००८ च्या आर्थिक अरिष्टात तेथील बांधकामाचा धंदा व बँका कोसळल्या, आणि २०१२ च्या आरंभी बेकारांचे प्रमाण शेकडा पंधराच्या घरात गेले. १ जुलै २०११ रोजी सरकारने 'जॉबब्रिज' नावाची राष्ट्रीय उमेदवारी-योजना सुरू केली. भत्ता घेणाऱ्या बेकाराने सहा किंवा नऊ महिने एखाद्या संस्थेत आठवड्यास तीस ते चाळीस तास काम करावे. त्याच्या भत्त्यात सरकारने आठवड्यास पन्नास युरोंची भर घालावी. धन्याने काहीही देऊ नये, अशी तिची रचना होती. आता हिशेब पाहा. पूर्ण भत्ता आठवड्यास १८८ युरो होता. पन्नास मिळवून २३८ झाले. योगायोग असा की, त्याच १ जुलै रोजी तेथील किमान मजुरी तासास ८ युरो ६५ सेंट झाली. चाळीस तासांचे तिच्या दराने ३४६ युरो होतात. उमेदवारास मिळत २३८. धनी देई शून्य. विन्स्लोच्या शेतकऱ्यास निदान मजुरीचा काही भाग तरी स्वतः द्यावा लागे!

उमेदवारामुळे पगारी नोकर काढू नये, एक उमेदवार गेल्यावर त्याच जागी लगेच दुसरा घेऊ नये, असे नियम अर्थात होते. परंतु ज्या कामास थोड्या दिवसांच्या सरावापलीकडे काही शिकावे लागत नाही, अशा कामांच्याही जाहिराती या योजनेखाली येऊ लागल्या, आणि त्यावरून तेथील वृत्तपत्रांत मोठा गहजब झाला. उलटपक्षी, २०१३ च्या सरकारी पाहणीत असे आढळले की, योजना पुरी करणारांपैकी सुमारे ६१ टक्के लोकांस पाच महिन्यांच्या आत नोकरी मिळाली. हा आकडा क्षुल्लक नव्हे, आणि त्यामागे खऱ्या माणसांचे खरे संसार सावरले हे विरोधकांनीही विसरू नये. मात्र त्या आकड्यास एक प्रश्न विचारलाच पाहिजे: यांपैकी किती जणांस योजना नसती तरीही नोकरी मिळाली असती, आणि किती जणांस धन्याने पहिल्याच दिवशी पगारावर घेतले असते?

या कथेत मराठी वाचकांस जिव्हाळा वाटावा असाही एक योग आहे. २०१६ च्या मे महिन्यात ही योजना गुंडाळण्याचे ज्या समाजसंरक्षण-मंत्र्याने जाहीर केले, ते लिओ वराडकर; त्यांचे पितृघराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जॉबब्रिजची दारे नव्या उमेदवारांस बंद झाली. परंतु पुढच्याच वर्षी याच मंत्र्याने भत्ता लाटणाऱ्या लबाडांविरुद्ध जाहिरातींची मोहीम काढली. बेकाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एकाच खात्यात, एकाच माणसापाशी कशा नांदतात, याचे हे चांगले उदाहरण होय. २०२१ मध्ये तेथे याच जातीची नवी योजना आली, तीत तीस तासांस आठवड्याला ३०६ युरो ठेवले. मजुरीचा दर सुधारला; देणारी तिजोरी तीच राहिली.

ब्रिटनमध्ये याच काळात प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेली एक बेकार तरुणी बर्मिंगहॅम येथील एका पदार्थसंग्रहालयात आपखुशीने, पुढे त्या क्षेत्रात नोकरी मिळेल या उमेदीने, काम करीत होती. ते सोडून दोन आठवडे एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात झाडलोट करण्यास व मांडण्या भरण्यास जा, नाहीतर भत्ता बंद होईल, असे तिला २०११ मध्ये सांगण्यात आले. तिने दावा लावला. २०१३ च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने योजनेचे नियम बेकायदा ठरविले, आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. पण मधल्या मार्च महिन्यात पार्लमेंटने पूर्वलक्षी कायदा करून सरकारची बाजू सावरून घेतली होती. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही वेठ आहे, हे तिचे म्हणणे न्यायाधीशांनी मान्य केले नाही. नियम अपुरे होते व तिला नीट कल्पना दिली नव्हती, एवढ्यावर निकाल झाला. कायद्याच्या काट्यावर वेठ ठरण्यास दांडगाई लागते. पोटाची टाच त्या काट्यास लागत नाही.

सक्तीने निदान नोकऱ्या तरी मिळतात काय? ब्रिटिश सरकारच्याच खात्याने २००८ मध्ये अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथील अनुभवाचे परीक्षण करविले, तेव्हा अशा सक्तीच्या कामाने नोकरी मिळण्याचा संभव वाढतो असा पुरावा फारसा सापडला नाही. सक्तीच्या कामाची एक योजना २०११ मध्ये त्याच सरकारने काढली, आणि नोकरी मिळण्यावर तिचा काही परिणाम दिसत नाही असे २०१२ च्या सरकारी अभ्यासानेच सांगितले.

यावरून उमेदवारी मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे आहे असे कोणी समजू नये. आमचे सारे आयुष्य महाविद्यालयात गेले. परीक्षा उत्तम रीतीने उतरलेला विद्यार्थी, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात वर्षानुवर्षे फिरताना आम्ही पाहिला आहे. प्रशस्तिपत्र मागावयास येणाऱ्या अशा मुलाच्या चेहऱ्यावरील ओशाळेपणा पाहिला म्हणजे, काहीही करा पण यास कोठे तरी टेकू द्या, असे वाटते. रिकामपणाने मनुष्य खचतो, हे खरेच आहे. म्हणूनच टेकू कोणता आणि जू कोणते, हे ओळखता आले पाहिजे. आणि इतिहास त्याच्या तीन खुणा सांगतो. एक, कामात शिकण्यासारखे खरोखर काही आहे काय, आणि शिकण्यास जेवढा काळ लागतो तेवढीच मुदत आहे काय? दोन, धन्याच्या खिशातून काही जाते काय? कारण फुकट मिळालेल्या माणसाची कदर कोणी करीत नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या पगारी माणसाची भाकरी मात्र हलू लागते. तीन, नको म्हणण्याची सोय आहे काय, आणि तसे म्हटल्याने चूल विझत तर नाही ना?

या कसोट्या महाराष्ट्रासही परक्या नाहीत. १९७२ च्या दुष्काळात येथे जी रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रुजली, आणि जिचा कायदा १९७७ मध्ये झाला, तीतही कामाच्या मोबदल्यात सरकारी पैसा होता. परंतु काम मागणे हा मजुराचा हक्क होता, ते तलाव-बंधाऱ्यांचे म्हणजे सर्वांच्या मालकीचे होते, व मुदतीत काम न दिल्यास भत्ता देणे सरकारवर बंधनकारक होते. फेरीवरचा मजूर व हमीवरचा मजूर यांत हे अंतर आहे. २०२४ मध्ये राज्यात कार्य-प्रशिक्षणाची योजना निघाली. तीत बारावी झालेल्यास सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्यास आठ हजार व पदवीधरास दहा हजार रुपये दरमहा सरकार देई, आणि काम खासगी धन्यांकडे किंवा सरकारी कचेऱ्यांत करावयाचे असे. आमच्याकडे सरसकट बेकारभत्ता नाही, तेव्हा तो तोडण्याची धमकीही नाही. परंतु मुदत सरल्यावर, आता आम्हांस कायम करा, अशी मागणी घेऊन हे प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले. जे काम कायमचे आहे ते शिकाऊ माणसाकडून करवून घेतले, तर शेवटी हाच प्रश्न उभा राहावयाचा.

जुन्या कचेरीतील त्या उमेदवारास निदान एक गोष्ट ठाऊक असे की, आपण फुकट राबतो आहो, आणि ज्या घरच्या भाकरीवर राबतो आहो त्या घराचे आपण देणे लागतो. नव्या व्यवस्थेत भत्ता घेणारा तेवढा ऋणाईत ठरतो, आणि त्याचे श्रम घेणारा उपकारकर्ता म्हणून मिरवतो. बेकारांच्या कल्याणाच्या कोणत्याही योजनेचा कागद हाती आला, तर वाचकांनी पुरस्कर्त्यांची भाषणे बाजूस ठेवून आधी एवढाच हिशेब मांडावा: पैसा कोणाचा, श्रम कोणाचे आणि नफा कोणाचा? तिन्ही उत्तरे जुळली तर ती उमेदवारी. न जुळली तर ती वेठच. मग तिला नाव कितीही गोंडस असो.